स्थळ पाहिले, पण कॉलेजचे!

मुलीसाठी स्थळ पाहायला निघालेल्या माणसाला आपल्याकडे सल्लागारांचा तुटवडा कधी पडत नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात मी भाचीसाठी स्थळ पाहायला निघालो, तेव्हा मात्र एकही सल्लागार पुढे आला नाही. कारण मला पाहायचे होते कॉलेज, आणि भाची होती बेसबॉल खेळणारी! आमच्या जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात कुस्तीसाठी कोणती तालीम चांगली, हे एस. टी.चा कंडक्टरसुद्धा तिकीट फाडता फाडता सांगेल. पण "बेसबॉलसाठी कॉलेज कोणते बरे?" असे मी विचारले, तेव्हा आमच्या कॉलेजातील एका वडीलधाऱ्या प्राध्यापकांनी गंभीरपणे उलट विचारले, "म्हणजे आपला विटीदांडूच ना हो?"

त्यांना हसण्याचा अधिकार मला नव्हता. मी मराठीचा प्राध्यापक. चेंडूशी माझा संबंध आला तो कालियामर्दनाच्या आख्यानापुरता. तोही चेंडू यमुनेच्या डोहात बुडालेला. परंतु मामाच्या नात्याला आपल्याकडे फार जबाबदाऱ्या असतात. बहिणीने सांगितले, "दादा, तू शिकलेला. तूच बघ काय ते." आणि मी निघालो.

आमची बहीण घोडेगावच्या बाजूला दिली आहे. दाजींची थोडी बागायत, थोडी जिरायत. टोमॅटो नारायणगावच्या बाजारात जातो, बटाटा मंचरच्या. त्यामुळे दाजी जगातील प्रत्येक वस्तू टोमॅटोच्या क्रेटमध्ये मोजतात. बारावीच्या शिकवणीची फी ऐकून ते म्हणाले होते, "म्हणजे चाळीस क्रेट गेले!" अशा घरात बेसबॉल शिरला तो चिंचेच्या झाडावरून. भाची आठवीत असताना शाळेच्या कुंपणापलीकडच्या चिंचेला दगड मारीत होती. व्यायामशिक्षक शिक्षा करायला म्हणून गेले आणि पाहतात तो काय, पोरीचा एकही दगड फुकट जात नाही! शिक्षेऐवजी त्यांनी तिच्या हातात चेंडू दिला.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. एका संघात नऊ खेळाडू. चेंडू फेकणारा आणि फळीवाला यांच्यात अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर. चेंडू क्रिकेटच्या चेंडूहून थोडा हलका, १४२ ते १४९ ग्रॅमचा. त्यावर लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके असतात. (जपमाळेचे मणीही तितकेच, हे आमच्या बहिणीच्या सासूबाईंनी पुढे हेरले!) चेंडूने टप्पा घ्यायचा नाही, तो खांद्यावरून सरळ फेकायचा. याचीच धाकटी बहीण सॉफ्टबॉल. तिचा चेंडू मोठा, फेक खालून आणि अंतर कमी. २०२८ मध्ये लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये हे दोन्ही खेळ परत यायचे आहेत. पण बेसबॉल पुरुषांसाठी आणि सॉफ्टबॉल स्त्रियांसाठी. म्हणजे आमच्या भाचीने ज्या खेळावर जीव जडवला, त्याचे ते सर्वांत मोठे दार मुलींना बंदच!

मी शहाणपणाने सुचवले, "मग सॉफ्टबॉलच का नाही खेळत?"

ती म्हणाली, "दोन्ही खेळते की. पण मामा, वरून टाकलेला चेंडू शेवटच्या क्षणी कसा वळतो, ते तुम्ही बघितलंय का?"

मग तिने मला खळ्यात नेऊन दाखवले. खांबाला भुशाचे पोते बांधलेले, पोत्यावर कोळशाने काढलेला चौकोन. वीस फेकींत सतरा चौकोनात! दाजी मात्र कुरकुरले, "पोतं फाटतंय, ते कोण बघणार?" इतक्यात दिवेलागण झाली आणि बहिणीने हाक मारली. आमच्याकडे बिबट्याचा वावर फार. अंधार पडल्यावर पोरींना उघड्यावर ठेवायची कोणाची छाती होत नाही. खेळाडूचा निम्मा सराव हिवाळ्यात असा बिबट्याच खातो. तिला वसतिगृहात ठेवायचे कारण खेळाइतकेच हेही होते.

नवव्या मुलीचा प्रश्न

जवळच्या कॉलेजात घालावे, हा पहिला विचार. जुन्नर, ओतूर, मंचर, घोडेगाव येथे कॉलेजे निघाली, म्हणून तर आमच्याकडच्या मुली पदवीधर झाल्या. त्यांचे उपकार कोण विसरेल? पण बेसबॉलला नऊ मुली लागतात. मी ज्या कॉलेजात शिकवतो, तेथे एकदा हा प्रयोग झाला होता. आठ मुली जमल्या. नववीचे लग्न ठरले!

आमच्या विद्यापीठाच्या खेळांची रचना मी समजून घेतली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे पुणे शहर, पुणे जिल्हा, अहिल्यानगर आणि नाशिक असे चार क्रीडा विभाग. कॉलेजे आपापल्या विभागात खेळतात, मग विभाग एकमेकांशी खेळतात आणि त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. म्हणजे कॉलेज लहान की मोठे, हा प्रश्न दुय्यम. निवड खेळाडूची होते. फक्त तिथवर पोचायला तिच्याबरोबर आणखी आठ जणी हव्यात.

दुसरे स्थळ चालून आले. शहरातल्या एका बड्या कॉलेजच्या वतीने एका गृहस्थांचा फोन आला. वसतिगृह फुकट, बूट फुकट, फी माफ, आणि "नोकरीचंही आम्ही बघू." दाजी हरखले. मी म्हटले, "एवढे एका कागदावर लिहून द्याल का?" गृहस्थ म्हणाले, "आधी प्रवेश तर घ्या, मग सगळं होईल." हुंडा नको म्हणणारे वरपिते याच स्वरात बोलतात, हे मला आठवले.

नोकरीच्या गोष्टीत तथ्य नाही असे नव्हे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. पण त्यातला 'पात्र' हा शब्द मोठा चिवट आहे. स्पर्धा कोणत्या दर्जाची, पदक कोणते, प्रमाणपत्राची पडताळणी झाली की नाही, या साऱ्या गाळण्यांतून पार व्हावे लागते. कोणत्याही कॉलेजने ती नोकरी खिशात घालून ठेवलेली नसते.

तिसरे स्थळ त्या व्यायामशिक्षकांनी सुचवले. शहरातच, पण लहानसे. काहीशे विद्यार्थी, आवारातच मुलींचे वसतिगृह, जुने मैदान आणि बेसबॉल खेळणाऱ्या तब्बल अकरा मुली. संस्था मात्र ख्रिस्ती. कॉलेजचे नाव मी येथे सांगत नाही. मुलगी अजून तेथे शिकते आहे.

आजींची शंका

बहिणीच्या सासूबाईंना सारे गाव आजी म्हणते. गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी कधी चुकली नाही. त्यांनी एका वाक्यात निकाल दिला, "मास्तर, पोरगी बाटली तर काय चेंडू चाटायचाय का?"

मी प्राध्यापकी थाटात संविधान काढले. ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिला आहे, हे खरे. पण २८ व्या अनुच्छेदाने असेही सांगितले आहे की, सरकारची मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येणार नाही. आणि विद्यार्थी अज्ञान असेल, तर पालकांची संमती लागते. दाजींना मी मुंबईचे विल्सन कॉलेज सांगितले, १८६९ चे सेंट झेवियर्स सांगितले. आमच्या आळेफाट्यावरून सरळ गेलेल्या रस्त्याच्या टोकाला डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये काढलेले अहमदनगर कॉलेज सांगितले. साधू वासवानींच्या प्रेरणेने १९६२ मध्ये पुण्यात निघालेले मुलींचे सेंट मीरा कॉलेजही सांगितले. या साऱ्यांतून हजारो हिंदू, मुसलमान, जैन घरांतली मुले शिकून बाहेर पडली आणि आपापल्या देवघरात परतली. दाजींनी मान डोलावली. आजींनी मात्र जपमाळ ओढायला घेतली. माझ्या विद्वत्तेचा एवढाच परिणाम झाला.

पुढे संकष्टीला आजींना लेण्याद्रीला जायचे होते. मी बरोबर गेलो. तीनशेच्या आसपास पायऱ्या त्या माझ्याआधी चढल्या! गिरिजात्मजाचे दर्शन झाले आणि आम्ही त्या प्रशस्त दालनात टेकलो. आजी भिंतींकडे पाहत होत्या. "इतक्या वर्षं येते मी. पण या कडेच्या खोल्या कशाच्या रं?"

मी सांगितले, "हा बौद्ध भिक्षूंचा विहार होता. त्या खोल्यांतून ते राहायचे, शिकायचे. मधल्या दालनात जमायचे."

"म्हणजे बोर्डिंगच की!"

"बोर्डिंगच. आणि जुन्नरच्याच लेण्यांत एक ब्राह्मी लेख आहे. चिट नावाच्या यवनाने, म्हणजे परदेशी माणसाने, भिक्षूंच्या संघाला भोजनमंडप दान दिला, असे त्यात कोरले आहे."

आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग पदर तोंडाला लावून हसल्या. "मंग आपला गणपती दुसऱ्याच्या बोर्डिंगात राहिलाय म्हण की! आणि त्याला काय झालंय?" पायऱ्या उतरताना त्यांनी बजावले, "मी हो म्हणलेली न्हाई. मी सोता येऊन बघनार."

आधी नकार सांगणारे कॉलेज

म्हणून आमची वरात निघाली: दाजी, आजी, भाची आणि मी. प्राचार्याबाई साध्या, बोलायला मोजक्या. आम्ही काही विचारायच्या आत त्यांनी आपल्या अटी सांगितल्या. रविवारी दुपारपर्यंत मैदान बंद. विद्यापीठाचा सामना रविवारी पडला तर संघ जाईल, पण सराव नाही. फीमध्ये सरकारी शिष्यवृत्तीपलीकडे सवलत नाही. नोकरीचे आश्वासन नाही. अभ्यासात मागे पडली, तर सामना सोडावा लागेल. सकाळी प्रार्थना असते; ज्या मुलींना बसायचे नसेल, त्यांनी त्या वेळी वाचनालयात बसावे. हे सारे छापील कागदावर होते. तो कागद त्यांनी दाजींच्या हातात दिला.

दाजींचा चेहरा उतरला. चार नकार ऐकायला कोणी एवढा प्रवास करतो का? पण मला त्या बाई आवडल्या. जे स्थळ आधी आपले उणे सांगते, त्याच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा, हे आपल्याकडच्या लग्न जमवणाऱ्या बायका उगाच म्हणत नाहीत.

मग क्रीडाशिक्षक भेटले. त्यांच्याकडे एक वही होती. कोणत्या मुलीने कोणत्या दिवशी किती चेंडू फेकले, याचा हिशेब. आणि ठरावीक आकडा झाला की दुसऱ्या दिवशी हात बंद. त्यांनी सँडी कूफॅक्सची गोष्ट सांगितली. हा डॉजर्स संघाचा जगप्रसिद्ध गोलंदाज. १९६५ च्या अजिंक्यपदाच्या मालिकेतला पहिला सामना नेमका यहुदी लोकांच्या योम किप्पूर या उपवासाच्या दिवशी आला, तेव्हा तो खेळायला उतरला नाही. आणि पुढे शेवटचा निर्णायक सामना त्यानेच जिंकून दिला. पण पुढच्याच वर्षी, ऐन तिसाव्या वर्षी, त्याला खेळ सोडावा लागला. कोपर निकामी होत चालले होते. सर म्हणाले, "उपवासानं त्याचं काही बिघडलं नाही. हात संपला तो फेकून फेकून."

उपवासाचे नाव निघताच आजी पुढे सरकल्या. वसतिगृहाच्या बाईंना त्यांनी विचारले, "आमची पोर एकादशी करती. तिला काय घालाल?"

"आमच्याकडे दोघी करतात. साबुदाणा मी रात्रीच भिजवून ठेवते," त्या म्हणाल्या. आणि किंचित थांबून प्रामाणिकपणे पुढे म्हणाल्या, "नैवेद्य मात्र दाखवत नाही हं आम्ही."

"तो मी घरनं दाखवीन," आजी म्हणाल्या. माझ्या दोन अनुच्छेदांना जे जमले नव्हते, ते भिजवलेल्या साबुदाण्याने झाले!

भाचीने आम्हा कोणालाच काही विचारले नाही. ती मैदानावरच्या मुलींत जाऊन आली. येताना तिचे ठरलेले दिसले. मी विचारले, तर म्हणाली, "मी त्यांना एवढंच विचारलं की हरल्यावर सर काय बोलतात. त्या म्हणाल्या, काही बोलत नाहीत. त्या दिवशी सामानाची पिशवी सर स्वतः उचलतात."

रविवार पाळणारा माणूस

परतीच्या एस. टी.त राजगुरुनगर येईपर्यंत दाजी गप्प होते. मग म्हणाले, "रविवारी मैदानाला कुलूप! असल्यांना खेळ काय कळणार?"

मी त्यांना ब्रँच रिकीची गोष्ट सांगितली. अमेरिकेत चर्चने काढलेली लहान लहान कॉलेजे पुष्कळ. त्यांतलीच एक ओहायो वेस्लियन ही मेथडिस्ट पंथाची संस्था. शेतकरी घरातला रिकी तेथे शिकला आणि तेथल्याच बेसबॉल संघाचा शिक्षक झाला. तो इतका कर्मठ की, व्यावसायिक खेळाडू असतानाही रविवारी मैदानात उतरत नसे. १९०३ च्या सुमारास तो संघ घेऊन साउथ बेंड गावी गेला. संघात चार्ल्स थॉमस नावाचा एक काळा विद्यार्थी होता. हॉटेलवाल्याने त्याला खोली नाकारली. रिकीने हुज्जत घालून आपल्याच खोलीत त्याच्यासाठी खाट टाकून घेतली. रात्री तो मुलगा आपल्या हातांची कातडी ओरबाडीत रडत होता, ही हकीकत रिकी पुढे आयुष्यभर सांगत असे. थॉमस दंतवैद्य झाला. आणि रिकी? चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी तो ब्रुकलिन डॉजर्सचा कारभारी असताना त्याने जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध केले. १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन मैदानात उतरला आणि काळ्यांना बंद असलेले अमेरिकन बेसबॉलचे दार उघडले.

दाजी म्हणाले, "म्हणजे धर्माची माणसं चांगली असतात, असं म्हणायचंय तुम्हाला?"

प्रश्न बिनतोड होता. खोली नाकारणारा हॉटेलवालाही बहुधा रविवारी चर्चलाच जात असावा! आपल्याकडे तरी काय? पुण्याच्या मैदानावर पळवणकर बाळूंची गोलंदाजी साऱ्यांना हवी होती. पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. देव कोणता, यावरून माणूस ओळखता येत नाही. मी म्हटले, "दाजी, रविवारचे कुलूप सगळ्यांना दिसते. आत खाट टाकणारा कोणी आहे का, एवढे आपण पाहायचे. आज तो वहीवाला माणूस दिसला, साबुदाणा भिजवणारी बाई दिसली. मला पुरे वाटते."

दाजींनी खिशातला छापील कागद काढला, पुन्हा वाचला आणि घडी घालून ठेवला. जूनमध्ये प्रवेश झाला.

एवढ्यावर गोष्ट संपती, तर लेख लिहायला मजा आली असती. पण सप्टेंबरात भाचीचे कोपर दुखू लागले. तिने लपवले, सरांनी वही पाहून ओळखले आणि तिचा हात बंद केला. आंतरमहाविद्यालयीन सामने आले आणि ती बाहेर बसून धावा लिहीत राहिली. विद्यापीठाच्या निवडीचा प्रश्नच उरला नाही. सरांनी दाजींना स्वतः फोन करून सांगितले, "मुलगी रागावली आहे माझ्यावर. पण मी तिला या वर्षी खेळवणार नाही." दाजींनी मला फोन केला. त्या दिवशी त्यांनी पुष्कळ क्रेट मोजले. "त्या बड्या कॉलेजानं खेळवली असती!" ते म्हणाले. खेळवली असती, यात शंका नाही. मी फोनवर गप्प राहिलो. आपण मुलीचे एक वर्ष घालवले की तिचा हात वाचवला, हे त्या रात्री माझे मलाही सांगता येत नव्हते.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला मी घोडेगावला गेलो. भाची सुट्टीला आली होती. कोपर बरे होते. दिवसाला तीस फेकींची परवानगी घेऊन आली होती. आजी तिला विचारीत होत्या, "नावानं हाक मारत्यात ना गं तिथं?"

"सगळे मारतात. स्वयंपाकाच्या मावशीसुद्धा."

"मंग झालं."

ओवाळून झाल्यावर दाजी दिसेनात, म्हणून मी मागे खळ्याकडे गेलो. खांबाला नवे कोरे पोते बांधलेले होते आणि दाजी, हातात फूटपट्टी घेऊन, जमिनीवर पसरलेली सुतळी मोजत होते. मला पाहून ते जरा ओशाळले.

"आधीचं अंतर चुकलं होतं, पाव्हणं," ते म्हणाले. "चांगलं दीड फूट कमी भरत होतं. साठ फूट सहा इंच पाहिजे ना?"

मी सुतळीचे दुसरे टोक धरले.